अश्विनीचं नाव यादीत नाही

८ सप्टें., सोम.
कबड्डीत तालुका जिंकलो. मुली अजून नाचताहेत. माझं मन मात्र लागत नाही. दुसऱ्या हाफात अश्विनी (नववी ब, आमची एकमेव भरवशाची रेडर) रेडला गेली, तिघींनी धरली, डोकं जमिनीवर आपटलं. नेहमीप्रमाणे कांदा फोडून हुंगवला, तोंडावर पाणी मारलं. उठली आणि बाहेर बसायला गेली ती थेट समोरच्या टीमच्या रांगेत. सगळं मैदान हसलं. मीही. वर पाच मिनिटांनी तिला पुन्हा आत पाठवली. परतूरला येताना जीपमध्ये तीनदा विचारलं, "मॅडम, स्कोर किती झाला?"

९ सप्टें.
अश्विनीला वर्गात उलटी. उजेड सहन होईना. तिला नि तिच्या आईला घेऊन जालना गाठलं. स्कॅन साफ. डॉक्टर म्हणाले, मेंदूला हादरा बसलाय, तो स्कॅनमध्ये दिसत नाही. आराम, मोबाइल बंद. मग थोडं चालणं, मग शाळा. खेळ सगळ्यात शेवटी, तोही त्यांना दाखवूनच. त्याआधी दुसरा मार बसला तर जिवावर बेतू शकतं. कांद्याचं सांगितलं, तर म्हणाले, कांदा नको, मुलीला आधी खेळातून बाहेर काढा. पंधरा वर्षं कांदाच हुंगवत आलेय मी. लाज वाटली.

१२ सप्टें.
जिल्हा १८ ला. अश्विनीचे वडील शाळेत. स्वतः जुने खेळाडू. "स्कॅन साफ आला ना मॅडम, मंग काय अडचण? आम्ही डोकं फुटलं तरी हळद दाबून खेळलो. काही झालं न्हाई." हेडसरही त्यांच्याच बाजूचे. म्हटलं, यादीवर सही माझी लागते. तिच्या नावासकट पाहिजे तर दुसरी क्रीडाशिक्षिका बघा. स्टाफरूममध्ये आता माझ्या नावाने खडे फोडणं चालू आहे. फोडा.

१५ सप्टें.
अश्विनी वाटेत आडवी आली. "मॅडम, डोकं बिलकुल दुखून न्हाई राह्यलं." साफ खोटं. फळ्याकडे बघताना डोळे बारीक करते. नाही म्हटलं. तेव्हापासून अबोला.
यादी दिली. बारा नावं.

१८ सप्टें.
हरलो. दोन गुणांनी. अश्विनी पूर्ण मॅच माझ्या शेजारी सावलीत बसून होती. वडील दोरीपलीकडून ऐकवत होते. ऐकून घेतलं. पुन्हा यादी करायची वेळ आली तरी हीच करीन.
परतताना जीपमध्ये तीन दिवसांनी पहिल्यांदा बोलली. "मॅडम, स्कोर किती झाला?"
टोमणा मारला, की पुन्हा त्या दिवसासारखी विसरली?
टोमणाच असू दे. उद्या पुन्हा जालना. वडील येवोत न येवोत.