सासूबाईंबरोबरचा श्वास

कळंबा, सोमवार, १९७४

नऊ वर्षांत पहाटेची आसनं कधी चुकवली नव्हती. आज सासूबाईंना दम्याची धाप लागली आणि चटई तशीच टाकून धावले. मनातून चिडलेच होते, खोटं कशाला लिहू? पाठीला हात देऊन त्यांना बसवलं. "माझ्यासंगं हळू श्वास सोडा," म्हटलं. खिडकीबाहेर तळं धुक्यात विरघळत होतं. किती वेळ गेला कोण जाणे, हळूहळू दोघींचा श्वास एकाच लयीत चालू लागला.

"तुझा योग बुडाला की गं," त्या म्हणाल्या.

"न्हाय आत्या, आज झाला."

हे मी कशी बोलले? दिवसभर तेच मनात घोळतंय. स्थिर बसा, पण सुखानं बसा, असं गुरुजी सांगायचे. ते आज पहिल्यांदा जमलं, खाटेच्या कडेवर, एक पाय लोंबकळत असताना.