कानात सांगितलेला सिनेमा

वाडी, नागपूर
२२ जानेवारी

प्रिय धनू,

पत्र पाहून दचकू नकोस. घरी सगळे ठीक आहेत. सगळे म्हणजे मी आणि तुझी आई, दुसरं आहे कोण! जन्मभर ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये बसून मालाच्या पावत्या, बिल्ट्या लिहिल्या, त्यामुळे अक्षर बरं आहे, पण पत्र लिहायची सवय नाही. माल काय, नग किती, कुठून कुठे, यापलीकडे माझी लेखणी कधी गेली नाही. मधेच भरकटलो तर सांभाळून घे.

सप्टेंबरात तू फोन करून अभिजीतचं घर सोडल्याचं सांगितलंस. नोकरीच्या लॅबजवळच खोली घेतली म्हणालीस. दोन वर्षं त्या घरात तुझा पगार चालत होता, पण तुझ्याशी कोणी दोन शब्द बोलत नव्हतं, जेवायला बस म्हणायलाही नाही. शेवटी तू म्हणालीस, "बाबा, आईले नका सांगू. स्थळ तिनं आणलं होतं. ती सोताले दोष देत बसन." मी हो म्हणालो. आठ-पंधरा दिवसांत काहीतरी मार्ग निघेल अशी माझी समजूत. त्याचे चार महिने झाले. तुझ्या दर फोननंतर तुझी आई माझ्याकडे जावयाची चौकशी करायची आणि मी दर वेळी त्याला टूरवर पाठवायचो. दिवाळीत ती म्हणाली, जावईबापूंनी कंपनी सोडून ट्रक घेतला काय? मी हसलो.

या सगळ्यात मी एक उद्योग केला, तो तुला सांगितलेला नाही. धरमपेठेतल्या फिल्म सोसायटीचे सचिव ओमप्रकाशजी तुला आठवत असतील. पूर्वी त्यांच्या सिनेमाची रिळं पत्र्याच्या डब्यांतून आमच्या गोडाऊनला उतरायची आणि ते स्कूटरवर डबे न्यायला यायचे. एकदा डबे दोन दिवस उशिरा आले तर हा माणूस माझ्या टेबलासमोर स्टुलावर ठाण मांडून बसला होता, लेकीची वरात अडल्यासारखा. आता डबे येत नाहीत, सगळं कॉम्प्युटरवर येतं. पण ओळख राहिली. नोव्हेंबरात बाजारात भेटले आणि म्हणाले, यंदा जगभरातले आठ सिनेमे दाखवतो आहोत, दर रविवारी साडेचारला, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये, वहिनींना घेऊन या. मी लगेच दोघांची वर्गणी भरली. खरं कारण सांगतो. रविवारी दुपारी घरात आम्ही दोघंच समोरासमोर बसलो की तिचा प्रश्न ठरलेला असायचा, धनूचा फोन काहून नाही आला? हॉलमध्ये अंधार असतो, तिथे कोणी कोणाला काही विचारत नाही.

पण पहिल्याच रविवारी लक्षात आलं की सिनेमा परक्या भाषेत आणि खाली ओळी इंग्रजीत. तुझी आई उमरेडला विणकराच्या घरात सुताच्या कांड्या भरत भरत सातवी शिकलेली. पाच मिनिटांत ती माझ्याकडे झुकून म्हणाली, "काय म्हनते ती?" मी सांगितलं. पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं. तेव्हापासून आम्ही शेवटच्या रांगेत कोपऱ्यात बसतो आणि मी खालच्या ओळी वाचून तिच्या कानात मराठी करून सांगतो. माझं इंग्रजी बिल्टीपुरतं. एक ओळ अर्धी वाचून होते तोवर दुसरी येते, मग मी माझ्या मनानं गाडी पुढे ढकलतो. धनू, लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण इतक्या जवळून इतका वेळ मी तुझ्या आईशी कधी बोललो नव्हतो. तिच्या केसांना अजूनही तेच जास्वंदाचं तेल असतं, हेही मला त्या अंधारात कळलं. या वयात बापानं लेकीला हे लिहावं का, ठाऊक नाही. लिहिलं.

वाईट बातमी माझ्या तोंडातून निघत नाही, हे तुला माहीत आहे. तिसऱ्या सिनेमात एक म्हातारा मेला. मी तिला सांगितलं, थकलाय, झोपलाय. घरी आल्यावर भाकरी थापताना ती म्हणाली, "झोपलेल्या मानसाभोवती चार मानसं टोप्या काढून उभी नाही राहत जी. मले इंग्रजी वाचता येत नाही, दिसते तर सगळं." मी भाजी वाढून घेतली.

आमच्या पुढच्या रांगेत शोभाताई बसायच्या, कॉलेजात शिकवून रिटायर झालेल्या, कडक. दुसऱ्या रविवारी त्यांनी मागे वळून सांगितलं की तुमच्या कुजबुजीचा त्रास होतो. मी ओशाळलो. चौथ्या रविवारी त्या आपली पर्स उचलून चक्क माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या. मोतीबिंदू पिकलाय, ओळी धूसर दिसतात, जरा मोठ्यानं सांगत जा म्हणाल्या. तेव्हापासून डाव्या हाताला तुझी आई, उजव्या हाताला शोभाताई आणि मधे मी, दोघींना पुरेल अशा आवाजात.

आता गेल्या रविवारचं सांगतो. सिनेमा कुठल्यातरी थंड देशातला होता. एक बाई मोठ्या शहरात एकटी राहते, दिवसभर कपडे इस्त्री करते, संध्याकाळी खोलीवर येते. एका प्रसंगात ती टेबलाशी बसून मटार सोलते. एक ताटली, एक वाटी, एक खुर्ची. बराच वेळ दुसरं काहीच घडत नाही. खाली ओळही नव्हती. मला काही सांगायचं नव्हतं, गप्प बसायचं होतं. पण ती एक ताटली पाहिली आणि मला तू दिसलीस, बाळा. माझं तोंड सुरू झालं. मी तुझ्या आईच्या कानात त्याच आवाजात सांगू लागलो, "ती म्हणते, आई, मी त्या घरातून निघाले. चार महिने झाले. तिथं कोणी माझ्याशी बोलत नव्हतं. आता खोली घेतली आहे, नोकरी चालू आहे. तुला सांगितलं नाही कारण स्थळ तू आणलं होतंस, तुला लागेल. तू स्वतःला दोष देऊ नकोस." एवढं बोलून झालं तरी पडद्यावरची बाई मटारच सोलत होती. तुझी आई पडद्याकडेच बघत होती. पुढच्या ओळी मी नीट वाचल्या, निदान वाचल्यासारखं केलं. मला वाटलं, निभावलं.

सिनेमा संपला की तिथे अर्धा तास चर्चा असते. शोभाताई उठल्या आणि फार मनापासून बोलल्या. म्हणाल्या, मटार सोलताना ती आपल्या आईला घर सोडल्याचं सांगते, तो प्रसंग मला सगळ्यात आवडला, कुठे रडणं नाही, कोणाची तक्रार नाही, उलट आईचीच काळजी. हॉलमधले लोक एकमेकांकडे बघू लागले. ओमप्रकाशजी चष्मा पुसत म्हणाले, ताई, असा प्रसंग तर सिनेमात नाही, त्या बाईला आईच दाखवलेली नाही. शोभाताईंनी वळून माझ्याकडे पाहिलं, मग तुझ्या आईकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, माझे डोळे गेलेत हो, मीच काहीतरी चुकीचं जोडलं असेल. आणि खाली बसल्या. कॉलेजात कोणाचं चूक कधी खपवून न घेणारी बाई, भर हॉलमध्ये आमच्यासाठी स्वतः चुकली. मान वर करायची माझी हिंमत झाली नाही.

खाली उतरून आम्ही बसस्टॉपकडे निघालो. एका बंद दुकानाच्या पायरीपाशी तुझी आई थांबली. म्हणाली, "ती बाई तर तोंड मिटून शेंगा सोलून राहिली होती. मंग बोलून कोन राहिलं होतं?" मी सांगितलं, धनू. ती तिथेच पायरीवर बसली. तुला ज्याची भीती होती तीच मलाही होती, ती स्वतःला बोल लावेल, खचेल. मी पाणी आणायला वळलो तर तिनं माझी बाही धरली. इतकी रागावलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. "चार महिने पोरगी एकटी जेवून राहिली," ती म्हणाली, "अन् तुम्ही मले पिक्चर दाखवून राहिले?" मग ती रडली. मीही रडलो. जाणारे-येणारे बघत होते, बघोत.

तुझा शब्द मी मोडला. त्याची माफी मागतो आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडेन. पण हे पत्र माफीसाठी लिहिलेलं नाही. त्या रात्री मी तुला फोन लावायला घेतला तर तुझ्या आईनं मोबाईल काढून घेतला. म्हणाली, फोनवर ती म्हणेल मी मजेत आहे आणि तुम्ही ते खरं मानाल. दोष देण्याचं विचारशील तर, तिनं एकदाच म्हटलं, "स्थळ मी आनलं, हे मले माहीत हाय. म्हनूनच तिच्यापाशी मलेच जावं लागन." उमरेडच्या पुढे ती कधी एकटी गेलेली नाही. मी बरोबर येतो म्हणालो, तर नको म्हणाली, लेकीशी बोलताना मधात सांगणारा कोणी नको. फक्त सुरुवात आपल्यानं होणार नाही, ती तुम्ही लिहून द्या, एवढंच तिनं माझ्याकडे मागितलं. म्हणून हे पत्र मी पोस्टात टाकलेलं नाही. ज्या हातानं ते तुला दिलं तो तिचाच आहे, आणि तू इथवर वाचेपर्यंत ती बहुतेक उंबऱ्यातच पिशवी धरून उभी असेल. रात्रभर गाडीत बसून आली आहे. माझं काम संपलं. आता पत्र खाली ठेव आणि तिला आत घे.

तुझाच,
बाबा