हातगाडीवरचं बिऱ्हाड

तीर्थरूप मायला,
बेगमपुऱ्यातून तुझ्या सुकेशनीचा वाकून नमस्कार.

माय, मी खोली बदलली. जुन्या मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं, म्हणून त्यांनी खोली मागितली. परीक्षा तोंडावर, अन् टेम्पो काय परवडणारा नव्हता. तुला कळवलं असतं तर बापू मेंढरं सोडून धावत आले असते, म्हणून गप राहिले.

कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या चाचांकडं हातगाडी मागितली. ते म्हणाले, "लेके जाव बेटी, दोपहर को खालीच रहती." गादी, पेटी, पुस्तकं, शेगडी, सगळं एका खेपेत बसलं. मी पुढून ओढली, मैत्रीण मोनिकानं मागून रेटली. चढावर हात जरा सोलला, आता बरा हाय.

नव्या घरमालकीणबाई दारातच उभ्या होत्या. "सोबत कुणी मोठं माणूस नाय आलं का?"

"मीच आले. काय बोलायचं ते माझ्याशी बोला," मी म्हटलं.

त्यांनी गाडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, अन् किल्ली माझ्या हातात दिली.

वर पत्रा हाय, दुपारी लई तापतो. पण तेव्हा मी कॉलेजात असते. जेवते वेळेवर. तुझा गुडघा कसाय?

तू गावच्या साक्षरता वर्गात वाचायला शिकलीस, म्हणून फोन न करता मोठ्या अक्षरात लिहिलं. दारावर मी खडूनं माझ्या नावापुढं तुझं नाव घातलंय: सुकेशनी सुगंधाबाई. आलीस की कुणाला विचारू नको. तूच वाच अन् आत ये.

तुझी लेक,
सुकेशनी