फुलांच्या वर्षातली तहान

१४ सप्टेंबर

पोचले एकदाची. पाठीचा भुगा झालाय, पण मन कसं ताजंतवानं आहे. मेंदोसाहून निघालेली बस घाटात बर्फामुळे खोळंबली. डोंगर उतरून सरहद्दीपलीकडे चिलीत शिरलो तर लख्ख ऊन. मळ्यातली द्राक्षांची छाटणी संपली, वेलींना डोळे फुटायला अजून अवकाश आहे, म्हणून मालकाने सुट्टी दिली.

हमरस्त्यावर बाउदीलिओ काका टँकर घेऊन थांबले होते. मावशीच्या गावाला, आग्वा केमादाला, नळ नाही. दर आठवड्याला हेच पाणी आणतात आणि घरोघरची पिंपं भरतात. मी वर चढले तशी म्हणाले, मेंदोसाच्या माणसांच्या पिशव्या हलक्या नि बढाया जड. मी म्हटलं, चिलीवाल्यांना दुसऱ्याच्या पिशव्यांत डोकवायची भारी हौस. मग वाटभर हसत आलो.

सुलेमा मावशी दारातच होती, काठीवर रेललेली. आई गेल्यावर मला हिनेच वाढवलं. मग लग्न करून डोंगरापलीकडे आली, आणि नवरा गेला तरी इथेच राहिली. खुबा फार दुखतो तिचा. पण चहाबरोबर बकरीचं चीज, ऑलिव्ह, गरम पाव असा थाट मांडला होता. खा गं नेली, म्हणाली, तिकडे तुला काय उपाशी ठेवतात का?

१५ सप्टेंबर

सकाळी दार उघडलं आणि बघतच राहिले. या वाळवंटात यंदा कैक वर्षांनी पाऊस पडला. जिथे एरवी दगडसुद्धा तापून फुटतात, तिथे टेकड्याच्या टेकड्या जांभळ्या. मधूनच निळी फुलं, त्यांना इथे उसासे म्हणतात. मावशी सांगत होती, बिया वर्षानुवर्षं मातीत पडून राहतात. मेल्या म्हणावं तर मेलेल्या नसतात. पाण्याचा थेंब लागला की उठतात.

गावात घरं मोजकी, त्यातल्याही बहुतेकांना कुलूप. फोन लागत नाही. शांतता अशी की मधमाश्यांचा आवाजही मोठा वाटतो.

१८ सप्टेंबर

आज चिलीचा राष्ट्रीय सण. मावशीने घरावर झेंडा लावला, आम्ही दोघींनी खिम्याचं सारण भरून एम्पानादा केल्या. काका वाइन आणि अकॉर्डियन घेऊन आले. मावशी रुमाल उडवत दोन गिरक्या नाचली आणि खुबा धरून मटकन बसली. काका म्हणाले, सुलेमा, तुझ्यापेक्षा माझा टँकर बरा वळतो. ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

मग मी विषय काढलाच. म्हटलं, माझ्याकडे मेंदोसाला चल, आता एकटी राहू नकोस. चक्क हो म्हणाली. फुलं संपली की निघू म्हणाली.

काकांचा चेहरा मात्र उतरला. फुलं संपायची वाट कशाला बघता, म्हणाले, उद्याच निघा. मावशीने त्यांना गप्प केलं.

२० सप्टेंबर

मावशी सकाळी फुलं बघायला ओढ्याकडे गेली. जेवायला परतली नाही. ऊन उतरेपर्यंत हाका मारत हिंडले. काठी सापडली, फुलांत आडवी पडलेली. ती नाही. काकांचा टँकर शहरात. हमरस्ता पायी गाठावा तर ती इकडे परतली तर काय, या विचाराने पाय निघत नाही.

२१ सप्टेंबर

आली! दुपारी आपली आपण, टेकडी उतरून आली. अनवाणी होती. काठीशिवाय, ताठ चालत. मी गळ्यात पडून रडले. अंगाला ओल्या मातीचा वास. वाट चुकले, म्हणाली, एका खडकाखाली झोपले. खुबा दुखत नाही आता. पाणी दे, नेली.

तांब्यामागून तांब्या प्यायली. मी भरत राहिले.

२३ सप्टेंबर

मावशी काही खात नाही. पाव पुढे केला तर हसून बाजूला सारते. दिवसभर अंगणात उन्हात उभी असते, पावलं मातीत रोवून, तोंड सूर्याकडे करून. सावलीत ये म्हटलं तर येते, पण थोड्या वेळाने पुन्हा तिथेच.

आज माझ्या हौसेखातर कांदा चिरायला बसली आणि बोट कापलं. मी फडकं घेऊन धावले. रक्त नव्हतं. स्वच्छ पाणी. वसंतात छाटलेल्या वेलीच्या टोकातून टपटप गळतं ना, तसं. आयुष्यभर मी ते बघत आलेय. मला ते ओळखता येतं.

तिने बोट चोखलं आणि म्हणाली, पाणी दे, नेली.

२५ सप्टेंबर

काका आले. कुंपणाबाहेरूनच त्यांना अंगणातली मावशी दिसली. ते खाली उतरलेच नाहीत. मला जवळ बोलावलं. हात स्टीअरिंगवरून काढले नाहीत.

म्हणाले, मागच्या फुलांच्या वर्षी माझा भाऊ लिसांद्रो असाच हरवला, असाच परत आला. मी आईला सांगत होतो, त्याला पाणी देऊ नकोस. आई म्हणाली, तहानलेल्या लेकराला नाही कशी म्हणू? फुलं सुकली त्या दिवशी दोघंही नव्हती. जे येतं ते फुलं आहेत तोवर राहतं, पोरी, आणि जाताना पाणी देणाऱ्याला घेऊन जातं.

आत्ताच्या आत्ता टँकरमध्ये बस, म्हणाले.

मी वळून पाहिलं. मावशीने हात हलवला, लहानपणी शाळेच्या फाटकातून हलवायची तसा. मी म्हटलं, तिला सोडून कशी येऊ? काकांनी पिंप भरून द्यायचं नाकारलं. मी हातापाया पडले तेव्हा अर्धं भरलं. पुढच्या खेपेला येईन, म्हणाले, तोवर एक थेंब देऊ नकोस.

ते वळणाआड गेले तशी तिने मागितलं. मी दिलं.

२८ सप्टेंबर

गरम वारा सुटलाय. उसासे मिटले, टेकड्या तपकिरी होत चालल्यात.

काठी सापडली होती तिथून पुढे ओढ्यात उतरले आज. दरडीखाली माश्या घोंगावत होत्या. आधी बूट दिसले. मग निळा स्वेटर, मीच विणून पाठवलेला. पाय खुब्यापाशी विचित्र वळलेला. पडली असणार. किती वेळ हाका मारत होती कोण जाणे. बरगड्यांमधून फुलं वर आली आहेत, एवढ्या दिवसांत एवढी कशी —

माझी मावशी ओढ्यात आहे. मी तिच्यावर दगड रचले. जमले तेवढे.

घरी आले. दुसरी दारात उभी होती. कुठे गेली होतीस, नेली? किती तहान लागली मला.

तोंड तेच. आवाज तोच.

२९ सप्टेंबर

नाही दिलं. दार लावून घेतलं. ती बाहेरून बोलत राहते, आईच्या गोष्टी, माझ्या वेणीच्या, माझ्या गोवराच्या — हे तिला कसं ठाऊक — ओढ्यातलीलाच ठाऊक असायला हवं —

पिंप रिकामं आहे. मीच प्यायले. सगळं. तहान जातच नाही.

१ ऑक्टोबर

पायांना फरशी सोसत नाही. अंगणातली माती गार आहे. दार उघडं आहे. मी उघडलं असेन. आम्ही दोघी शेजारी उभ्या होतो, बराच वेळ, ऊन छान —

नाही. मी आत आले. लिहिलं की डोकं ठिकाणावर राहतं.

टेकडीवर आता एकच जांभळा पट्टा उरलाय.

२ ऑक्टोबर

टँकर आला. धावत गेले. पाणी द्या काका, म्हटलं. तेवढंच म्हटलं. त्यांनी काच वर केली.

ते मला बघत राहिले. मी सांगते, मी नेलीच आहे, मेंदोसाची, बढाया जड — वही दाखवली, अक्षर बघा — ते रडतायत.

मग काच जरा खाली करून पावाचा तुकडा टाकला. म्हणाले, खा पोरी. असे परत आलेले खात नाहीत. तू खाऊन दाखव, मी टँकरचं दार उघडतो.

उंबऱ्यावर बसलेय. वही मांडीवर. इंजिन चालू आहे. पाव कोरडा, तोंडात लाळ नाही — कोणालाही नसती, इतकी तहान असताना — त्यांना कसं सांगू — तिने खांद्यावर हात ठेवलाय. किती गार. बरं वाटतं.

चावतेय. त्यांना दिसतंय. नुसतं गिळायचंय, मग दार उघडेल, आणि मी