बहिणीच्या दाराशी

ऑकलंड,
८ मार्च १९९८

ती. लोसा आत्यांस,
लेसिएलीचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेली चटई पोचली. आईनं ती आल्या-गेल्याला दाखवायला बाहेर काढली आहे, पण बसू मात्र कुणाला देत नाही. बाकी आम्ही खुशाल.

हे फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहिते. तुमच्याकडचा फोन दुकानात, आणि तो वाजला की अख्खं पांगाई गाव कान टवकारून उभं राहतं. आपल्या फेआओनं समुद्रात जीव दिला त्याला चार महिने झाले. त्यानंतर विद्यापीठानं एक समिती नेमली. आमच्या प्रमुख डॉ. हॅरिएट, रावीरी नावाचे एक वयस्क माओरी समुपदेशक आणि मी. मनाच्या दुखण्यावर मदत आहे, पण मुलं तिच्यापर्यंत पोचत नाहीत, आणि पोचली तर महिनोन्‌महिने ताटकळतात. मी हट्टानं एक नियम सगळीकडे लागू करून घेतला, आत्या. टोंगन मुलानं थेट टोंगन माणसाकडे यायचं, आपल्या भाषेत बोलायचं, वाट बघायची नाही. पूर्वी ही नुसती रीत होती. इथं टोंगन माणूस म्हणजे मी एकटी. दारावर नाव माझंच आहे.

मुलं येतातही. आईची तब्येत विचारतात, चर्चच्या गाण्याची तालीम कशी चालली ते सांगतात, मान खाली घालून आभार मानतात आणि जातात. माझ्या खोलीत दुःख सोडून सगळं बोललं जातं.

आता तुमच्या सायाबद्दल. तो आणि फेआओ एका खोलीत राहायचे. साया फार वाळलाय. वर्गात शेजारच्या खुर्चीवर दप्तर ठेवतो, कुणाला बसू देत नाही, असं त्याच्या शिक्षकांनी कळवलं. त्यांनी त्याला माझ्याकडे धाडलं तर दाराशी येऊन परत फिरला. आमच्या कचेरीला आडनावावरून नातं कळत नाही, आणि मीही लांबचा भाऊ म्हणून सांगितलंय. समुपदेशकाच्या खुर्चीत बसले की मी बहीण नसतेच मुळी. हे तुम्हाला कळवणं माझ्या कामाच्या नियमात बसत नाही, पण मला भीती वाटते. तुमचा शब्द तो मोडणार नाही. त्याला लिहा.

मोठ्यांना नमस्कार. माझ्यावर रागावलात तरी माया कमी करू नका.

आपली,
लेसिएली


पांगाई, लिफूका बेट, टोंगा,
२१ मार्च १९९८

चि. लेसिएलीस,
लोसा आत्याचे अनेक आशीर्वाद.

चटई बसायला द्यायची नसेल तर तुझ्या आईला म्हणावं भिंतीला टांग. तू तरी तिच्यावर बस, आणि एखादा नवरा आणून शेजारी बसव, म्हणजे माझे श्रम फळाला येतील.

पत्र दोनदा वाचलं. बहीण, मग ती सख्खी असो की लांबची, आत आली की भाऊ उठून बाहेर जातो, तिच्यापुढे असलं काही बोलत नाही, हे तुला मी शिकवायला नको. साया बारा वर्षांचा झाल्यापासून तुझ्याशी एका छपराखाली झोपला नाही. पण तू म्हणतेस खुर्चीत बसलं की नातं गळून पडतं. शिकल्या-सवरल्यांचं तसं असेलही. माझा त्यावर विश्वास नाही, पण फेआओची आई समोरच राहते. शोकात कापलेले तिचे केस अजून कानापर्यंतसुद्धा आले नाहीत. सकाळी ती दारात उभी राहते, आणि माझ्या चुलीवर काय शिजतंय ते मलाच कळेनासं होतं. माझ्यावर ती पाळी नको.

म्हणून सायाला लिहिलंय. आईची आज्ञा आहे, लेसिएलीसमोर बस आणि पोटातलं सगळं सांग. प्रार्थना कर म्हणूनही लिहिलं.

त्याला सांभाळ. मला एकच आहे.

तुझी,
लोसा आत्या


ऑकलंड,
१२ एप्रिल १९९८

ती. आईस,
सायाचा साष्टांग नमस्कार.

तुझी आज्ञा पाळली. लेसिएलीताईसमोर जाऊन बसलो. तिनं विचारलं, मरावंसं वाटतं का. आई, हा प्रश्न माझ्या बहिणीनं मला विचारला. मी सांगितलं, यंदा कोनफळं चांगली आली म्हणून आईनं कळवलंय. मग वेळ संपेपर्यंत कोनफळांचंच बोललो. तिचे डोळे भरले होते. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. बहिणीला रडवणारा भाऊ म्हणजे माणूस नव्हे, असं तूच लहानपणी सांगायचीस.

आता तुला सांगतो, तिला सांगू नकोस. फेआओ तिच्या दारापर्यंत गेला होता. एकदा नाही, बरेचदा. त्याच्या आजीकडून ती त्याचीसुद्धा बहीणच लागते. दुसऱ्या कुणाकडे पाठवा म्हणाला, तर कचेरीतली बाई हसून म्हणाली, अरे, तुमच्यासाठी खास तुमचंच माणूस ठेवलंय. खोलीवर येऊन आम्ही त्यावर पोट धरून हसलो होतो. हसलो होतो, आई.

आता तो वर्गात माझ्या शेजारी बसतो. म्हणून खुर्ची ठेवतो. भरदिवसा, ओल्या केसांनी. वाईट काही करत नाही, फक्त विचारतो, तू आत जाऊन कधी बोलणार? मी भित्रा नाही. पण त्याला उत्तर काय देऊ ते सुचत नाही, आणि कधी कधी वाटतं, त्याच्याकडे जाऊनच देऊन यावं.

रागावू नकोस. आशीर्वाद असू दे.

तुझा,
साया


पांगाई,
२५ एप्रिल १९९८

चि. लेसिएलीस आशीर्वाद.

आज गंमत नाही. सायाचं पत्र सोबत धाडते आहे. तुला सांगू नकोस म्हणाला होता. आई म्हणून शब्द मोडते. वाच आणि ताबडतोब हाल. पाठवायला बोटीची वाट बघितली नाही, इथल्या शाळेतल्या शिक्षकांची बायको विमानानं निघाली तिच्या हाती दिलं.

आज्ञा केली ती मी. माझ्या मनाविरुद्ध केली, भीतीपोटी. तू खुर्चीवर विश्वास ठेवलास आणि मी तुझ्यावर. पोराची मात्र दोन्हीकडून कोंडी झाली.

मी तुझी आत्या आहे, म्हणून हुकूमच देते. त्याच्यासाठी जो आपल्या रक्ताचा नसेल, आपल्या चर्चचा नसेल, आपल्या गावाचं नावही ज्याला धड घेता येत नसेल, असा कुणी शोध. आणि रडत बसू नकोस. दारावरचं नाव वेगळं असतं तर फेआओ आत आला असता, असं म्हणशील. आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं. जो आहे त्याला वाचव.

लोसा


ऑकलंड,
२४ मे १९९८

ती. आत्यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही रडू नकोस म्हणालात, ते काही जमलं नाही. फेआओ माझ्या दाराबाहेर उभा असताना मी आत काय करत होते, हे आठवायला बघते. काहीच आठवत नाही. बहुतेक चहा पीत असेन.

समितीपुढे मी सगळं मांडलं, सायाचं नाव न घेता. डॉ. हॅरिएट चक्रावल्या. म्हणाल्या, हा नियम तर तूच मागितला होतास. मी म्हटलं, हो, मीच. आता नियम रद्द झालाय. कुणाकडे जायचं ते मुलानं स्वतः निवडायचं, कारण सांगायची सक्ती नाही. टोंगन मुली माझ्याकडे येतात, आणि काय सांगू, खूप बोलतात. साया गुरुवारी दुपारी रावीरींकडे जातो. त्यांना पांगाई नीट म्हणता येत नाही, तुमची अट पुरी झाली. आत काय बोलणं होतं ते मी विचारत नाही आणि विचारणारही नाही.

गुरुवारी मी इमारतीत थांबतच नाही. तो यायच्या आधी मागच्या जिन्यानं उतरते आणि रस्त्यापलीकडच्या बेकरीत जाऊन बसते. एवढंच बहिणीला करता येतं. त्याला आत जाताना काचेतून बघते, मग पाव चघळते.

आत्या, गेल्या गुरुवारचं कुणाला सांगू नका. साया दाराशी आला. त्यानं दार उघडलं आणि ते धरून थोडा थांबला, मागच्याला वाट द्यावी तसा. त्याच्या मागून आणखी एक मुलगा आत गेला. पाठमोरा होता. केस ओले. त्या दिवशी पाऊस नव्हता. मी धावत जाऊन कचेरीतल्या बाईंना विचारलं, आत्ता किती जण आले? त्या म्हणाल्या, एकच की.

मी शिकलेली बाई आहे. हे दुःखानं होतं, आणि त्याला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. पण मी बघितलं, आत्या. मी काय करू? तुमच्या मायेची आज फार गरज आहे.

आपली,
लेसिएली


पांगाई,
६ जून १९९८

चि. लेसिएलीस,
आत्याचे भरभरून आशीर्वाद.

काही करू नकोस. साया जेवायला लागलाय, तुझ्या आईकडे दोनदा वाढून घेतलं, असं त्यानंच कळवलं. माझ्या घशाखाली घास उतरू लागला तो त्या दिवसापासून.

तू कुणाला सांगू नका म्हणालीस, पण मी समोर फेआओच्या आईला जाऊन सांगून आले. पोर तिचं आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं. रडेल असं वाटलं होतं, ती रडली नाही. माझा हात धरला. मग म्हणाली, लेसिएलीला लिहा, फेआओला अडवू नका. पोटभर बोलू दे. आणि त्या म्हाताऱ्या माओरी बुवांना विचारा, त्याचं बोलून झालं की त्याला म्हणाल का, आता घरी जा, आई दारात उभी आहे.

तेवढं त्यांना सांग, बाळ. कसं सांगायचं ते तू बघ.

तुझी,
लोसा आत्या