दोन दिवसांचं जास्तीचं पाणी

मंगळवार, संध्याकाळ

आज खोटं बोलले. छोटंसंच, पण डोक्यातून जात नाही.

ऑस्ट्रेलियातल्या ओसाड भागात जीप आणि तंबू घेऊन फिरणाऱ्यांचे बेत मी आखून देते, इथे रत्नागिरीत, बाबांच्या खाटेशेजारी बसून. पक्षाघात झाल्यापासून त्यांना एकटं सोडता येत नाही. दोन वर्षांत मी जवळच्या आरे-वारेच्या किनाऱ्यापुढे गेलेले नाही.

बाबा मासेमारी बोटीवर तांडेल होते, बोट चालवणारे मुख्य खलाशी. प्रत्येक बेत त्यांना वाचून दाखवावा लागतो, आणि त्यांचा प्रश्न एकच. "पाणी किती घेतलंनी?" आज म्हणाले, "दोन दिवसांचं जास्ती घ्यायला सांग. इंजिन बंद पडलं तर?" मी वाढवलं. ज्या जोडप्याचा बेत होता त्यांचं लगेच उत्तर आलं, हे तिथे जाऊन आलेल्यालाच सुचतं, तुम्ही कधी गेला होतात?

मी लिहिलं, मागच्या वर्षी. का लिहिलं?

काय लिहिलं ते बाबांना सांगितलं. वाटलं, हसतील. ते छताकडे बघत म्हणाले,

"मग परत कशाला आलीस?"

चमच्याने पाणी पाजलं त्यांना. अर्धं उशीवर सांडलं.