ट्रे उघडण्याचा माझा निर्धार

३ मार्च, संध्याकाळ
सासूबाईंच्या गुडघ्याच्या स्कॅनची डिस्क कॉम्प्युटरमध्ये अडकली. फाइली मी माऊसने नाही, काळ्या खिडकीत कमांड टाइप करून, डिस्कच्या फोल्डरमध्ये शिरून बघितल्या. (माऊस काय, कोणीही हलवतं.) आता ट्रेचं बटण दाबलं तर ढिम्म. ६ तारखेला सर्जनची अपॉइंटमेंट. मेहुणा फोनवर म्हणाला, तिथे बारीक भोक असतं, पिन घाला. पिन! कॉम्प्युटर आहे की तुंबलेला स्टोव्ह? संकल्प : हात न लावता, फक्त कमांडने ट्रे उघडणार. घरातल्या सगळ्या पिना लपवल्या.

४ मार्च
eject टाइप केलं. उत्तर आलं, ड्राइव्ह बिझी आहे. बिझी! माझ्याच घरात, माझ्याच विजेवर! सगळे प्रोग्राम बंद केले, फक्त कमांडची काळी खिडकी ठेवली. तरी बिझीच. डिस्क सोडवणारी umount कमांड दिली. तेच तुणतुणं. बायकोने विचारलं, झालं का? म्हटलं, विषय टेक्निकल आहे. ती म्हणाली, गुडघा आईचा आहे. या वाक्याचा संबंध काय?

५ मार्च, सकाळ
fuser नावाची कमांड सापडली. डिस्क कोण वापरतंय ते सांगते. नाव आलं माझं! म्हणजे माझ्या नावाने कोणीतरी आत घुसलंय. कोण, ते सांगायला नको. मेहुण्याला फोन करून झाडला. तो हसला. निर्लज्ज.

दुपार
घुसखोराला जागीच बंद पाडायला kill कमांड चालवली. माझी खिडकीच बंद पडली! म्हणजे तो उलटा वार करतो. ताबडतोब नवी खिडकी उघडली आणि थेट डिस्कच्या फोल्डरमध्ये जाऊन बसलो. आता येऊ दे. कॉम्प्युटरचा पासवर्डही बदलला.

६ मार्च
पासवर्ड आठवेना. सासूबाई इस्त्रीची साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन सकाळपासून खुर्चीत. बायको दारात. मी घामाघूम. अपॉइंटमेंट गेली. पुढची पंधरा दिवसांनी. सासूबाई म्हणाल्या, जाऊ द्या जावईबापू, एवढे दिवस दुखलंच आहे. आणि भिंतीला धरून आत गेल्या. बायको बोलत नाही. एवढ्या ताणात माणसाशी अबोला धरतात? संताप, संताप.

रात्री पासवर्ड आठवला. शिवी होती.

७ मार्च
मेहुणा आला. मी त्याच्याशी बोलत नसल्यामुळे त्याने बायकोला सांगितलं : ताई, फोल्डरमध्ये भाऊजी स्वतःच बसलेत. ते उठल्याशिवाय ट्रे कसा उघडेल? त्याने माझी काळी खिडकी बंद केली आणि बटण दाबलं. ट्रे बाहेर. मी म्हटलं, माझ्या परवाच्या कमांडचा परिणाम उशिरा झाला.

सासूबाईंनी डिस्क पुसून पर्समध्ये ठेवली. ऑपरेशन होईपर्यंत मुलाकडे राहते म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच जास्त झोंबलं. बायकोने त्यांची बॅग भरली. मग स्वतःचीही भरली. किती दिवसांसाठी, ते मी विचारणार नव्हतो. विचारलं. म्हणाली, बघू.

दुपार
ट्रे उघडाच होता. ट्रे आत घेणारी कमांड, eject -t, टाइप केली. पहिल्याच झटक्यात आत गेला, अगदी सुळकन.

"बघितलंस?" असं मोठ्याने म्हणालो. घरात कोणी नव्हतं.